सालीसाठी वाढवायचे बोन्साय : कुलू, ऐन, लेंडिया, हिवर आणि नागपूरचे ऊन

नागपुरात बोन्साय शिकू लागणाऱ्याच्या हाती सहसा फायकस, जेड किंवा बोगनवेल येते. ही झाडे सोसणारी आहेत आणि हात बसवण्यासाठी चांगलीही आहेत. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये रामटेकच्या किंवा पेंचच्या बाजूला गेल्यावर पानगळ झालेल्या रानात जे दिसते, ते या कुंड्यांमध्ये कुठेच दिसत नाही. खडकाळ उतारावर पांढरेफटक उभे असलेले कुलूचे खोड, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली ऐनाची काळी साल, नाल्याकाठी पापुद्रे टाकणारा अर्जुन, शेताच्या धुऱ्यावरचा (बांधावरचा) फिकट खोडाचा हिवर ही आपल्या प्रदेशाची ओळख आहे, आणि ती कुंडीत उतरवता येते. त्यासाठी काय करावे आणि काय टाळावे, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एका ठिकाणी मिळावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर अवलंबून आहे. सालीचा बाहेरचा थर मृत असतो. आतले खोड जाड होत जाते तेव्हा हा मृत थर ताणला जाऊ शकत नाही, म्हणून तो ऐनासारखा भेगाळतो किंवा अर्जुनासारखा पापुद्र्यांनी सुटतो. म्हणजेच सालीचे रूप खोडाच्या जाडीतून आणि वयातून येते. उथळ ट्रेमध्ये लावलेल्या झाडाचे खोड जाड होणे जवळपास थांबते, आणि त्याबरोबर साल पक्व होणेही मंदावते. म्हणून या झाडांच्या बाबतीत नेहमीचा उतावळा क्रम, म्हणजे रोप आणले, ट्रेमध्ये लावले, तार गुंडाळली, हा पूर्णपणे चुकीचा आहे. आधी मोकळ्या मुळांवर खोड घडवायचे, त्या काळात खोडाला शक्य तितक्या कमी जखमा करायच्या आणि ट्रेचा विचार अगदी शेवटी करायचा, हा क्रम पाळावा लागतो. त्यासाठी पाच ते दहा वर्षांची तयारी हवी.

१. आधी झाड ठरवा

पहिले झाड म्हणून मी हिवर सुचवीन. याची पाने बारीक, संयुक्त असतात, त्यामुळे लहान आकारातही प्रमाण बिघडत नाही. फांद्या आडव्या पसरून छत्रीसारखा माथा आपोआप धरतात. खोडाची साल पांढरट-पिवळसर असून ती लांबट पट्ट्यांनी सुटते, आणि फार जुन्या झाडात ती काळपट, खडबडीत होते. उन्हाचा आणि तहानेचा त्याला त्रास कमी होतो. काटे मात्र खरोखर टोचतात. छाटताना चष्मा आणि जाड हातमोजे घालावेत.

दुसरे झाड लेंडिया. आपल्या राज्यपुष्पाचा, म्हणजे ताम्हणाचा, हा जवळचा भाऊबंद. साल राखाडी, पातळ पापुद्र्यांनी सुटणारी आणि त्याखाली गुळगुळीत, फिकट रंगाची. तोडल्यावर बुंध्यापासून जोमाने फुटण्याची त्याची सवय आपल्या कामाची आहे, कारण फुटणारे झाड छाटणी सोसते. रानात लेंडिया दुर्मिळ नाही. पण रोपवाटिकेत तो क्वचित मिळतो आणि कुंडीत तर मी म्हणेन की त्याच्याकडे कोणी पाहिलेच नाही.

ऐन आणि अर्जुन एकाच कुळातले असले तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. अर्जुन नदी-नाल्याकाठचा आहे. त्याला ओल आवडते, तो लवकर वाढतो आणि रोपवाटिकेत सहज मिळतो. ऐन हळू वाढतो आणि मुळे हलवलेली त्याला आवडत नाहीत, पण त्याच्यासारखी भेगाळ साल दुसऱ्या कोणत्या झाडाला नाही. दोघेही छाटणी सोसतात का, अशी शंका असल्यास भंडारा-गडचिरोलीकडे कोसा पाळणाऱ्यांकडे पाहावे. टसर रेशमाच्या अळ्यांना कोवळा पाला मिळावा म्हणून तिथे ऐन आणि अर्जुन नियमितपणे छाटले जातात आणि ही झाडे पुन्हा पुन्हा फुटतात. दोघांचीही पाने मोठी असल्याने बोन्सायही थोडे मोठे, म्हणजे दीड-दोन फुटांपर्यंतचे, ठेवावे. सहा इंचांचा ऐन करण्याचा हट्ट धरू नये.

कुलू, ज्याला कोणी कांडोळ, कोणी कहांडळ, कोणी भुत्या म्हणतात, हे खऱ्या अर्थाने जपण्याचे झाड आहे. याच्या कारया डिंकासाठी खोडावर खोल घाव घातले गेले आणि मध्य भारतात त्याची संख्या त्यामुळे घटली. साल पांढरी, कागदासारखी सुटणारी आणि तिच्याखाली हिरवट झाक. पाने हाताच्या पंजाएवढी किंवा त्याहून मोठी असतात आणि ती फारशी लहान करता येत नाहीत. यावर उपाय म्हणजे हे झाड पानांसाठी पाहायचेच नाही. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत ते निष्पर्ण असते, आणि तीच त्याची शोभेची वेळ आहे. जाड, थोड्याच फांद्यांचे, खडकावरून कललेले कुलू ट्रेमध्ये विलक्षण दिसते.

सालई आणि काटेसावर यांचाही विचार करता येईल. सालईची साल पातळ पापुद्र्यांची, हिरवट राखाडी असते. बियांची उगवण कमी असल्याने ती फांदीच्या जाड तुकड्यांपासून लावतात. काटेसावरीचे शंकूसारखे काटे कोवळ्या खोडावरच उठून दिसतात आणि वयाबरोबर झिजतात, त्यामुळे सालीसाठी फार वाट न पाहावी लागणारे हे एकच झाड या यादीत आहे.

२. रोप किंवा बी कुठून आणावे, कोणती कागदपत्रे ठेवावीत

जुन्या, वाकड्या खोडाचे झाड जंगलातून खणून आणावे, असा मोह या छंदात लवकर होतो. तो पूर्णपणे टाळावा. राखीव वनातून कोणतेही वनोपज काढणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि त्यात बी आणि रोपही येते. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. कायदा बाजूला ठेवला तरी, खडकाच्या फटीतून ओढून काढलेले कुलू बहुधा जगत नाही, आणि जिथे ते दशकानुदशके उभे होते ती जागा रिकामी होते. ज्या झाडाच्या प्रेमापोटी आपण हे करतो, त्याचेच असे नुकसान करू नये.

मग रोप मिळते कुठे? सेमिनरी हिल्सवरच्या वन विभागाच्या रोपवाटिकेत आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर चौकशी करावी. अर्जुन हमखास मिळेल, हिवर आणि ऐन विचारल्यावर मिळू शकतात, कुलूसाठी आधीपासून सांगून ठेवावे लागते. ओळखीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर झाड असेल तर त्याच्या परवानगीने बी गोळा करणे हा सर्वांत चांगला मार्ग आहे.

जवळ ठेवायची कागदपत्रे थोडीच आहेत, पण ती पहिल्या दिवसापासून ठेवावीत :

– रोपवाटिकेची पावती, तिच्यावर झाडाचे नाव आणि तारीख लिहून घेतलेली.
– खासगी शेतातून बी, फांदी किंवा रोप आणले असल्यास मालकाचे साधे लेखी संमतीपत्र आणि त्या जमिनीच्या सातबाऱ्याची प्रत.
– शेतातले किंवा प्लॉटवरचे उभे झाड मुळासकट काढायचे असल्यास संबंधित कार्यालयाची लेखी परवानगी. शेतजमिनीवरील झाडांसाठी १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम पाहावा. त्याच्या अनुसूचीत ऐन आहे. शहर हद्दीत १९७५ चा झाडांच्या जतनाचा अधिनियम लागू होतो आणि परवानगीसाठी महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे जावे लागते.

रोप घेताना नावाबाबत सावध राहावे. ‘सादडा’ म्हणून ऐन मागितला तर अर्जुन हाती येऊ शकतो, आणि कुलूऐवजी जंगली बदामाचे रोप दिले जाऊ शकते, कारण ती दोन्ही स्टरक्युलिया या एकाच वंशातली आहेत. कुलूसाठी स्टरक्युलिया युरेन्स, ऐनासाठी टर्मिनॅलिया इलिप्टिका, लेंडियासाठी लॅगरस्ट्रोमिया पार्व्हिफ्लोरा आणि हिवरासाठी वॅचेलिया ल्युकोफ्लोइया (जुन्या पाटीवर अकेशिया) अशी शास्त्रीय नावे चिठ्ठीवर लिहून न्यावीत.

३. साहित्य

धारदार छाटणीची कात्री, बारीक करवत, मुळे मोकळी करण्यासाठी बांबूची काडी, दोन जाळ्यांच्या चाळण्या, एक ते चार मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार, सुतळी, सुती कापडाच्या पट्ट्या, हिरवी जाळी आणि जुना मऊ दाढीचा ब्रश एवढे सुरुवातीला पुरते. कुंड्यांऐवजी पसरट घमेली, भाजीचे प्लास्टिकचे क्रेट आणि ग्रो बॅग घ्याव्यात. महागडी आयात केलेली हत्यारे पहिली काही वर्षे लागत नाहीत. त्या पैशांत चांगली कात्री घ्यावी आणि तिची धार राखावी.

४. माती

नागपूरची काळी माती कुंडीत घालू नये. ओली झाली की ती फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात, आणि या दोन्हींत मुळे तुटतात किंवा गुदमरतात. ज्या झाडांचा आपण विचार करत आहोत ती बहुतेक मुरमाड, निचऱ्याच्या उतारावरची आहेत. म्हणून चाळलेला मुरूम चार भाग, विटांचा चुरा दोन भाग, जाडी वाळू एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग असे मिश्रण करावे. मुरूम आणि चुरा दोन्ही दोनदा चाळावेत. मोठ्या जाळीवर राहिलेले खडे तळाशी घालावेत आणि बारीक जाळीतून खाली पडलेली धूळ टाकून द्यावी. ही धूळ राहिली तर वर्षभरात तळाशी चिखलाचा थर बसतो. कुलू आणि सालईसाठी खत निम्मे करावे, अर्जुनासाठी दुप्पट केले तरी चालते. प्रत्येक घमेल्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी.

५. बी पेरणे आणि मुळांना पहिले वळण

ऐन आणि अर्जुनाची पंखदार फळे उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून पिकून गळतात. ती पेरण्यापूर्वी दोन ते चार दिवस पाण्यात भिजवावीत आणि पाणी रोज बदलावे. हिवराच्या बियांचे कवच कठीण असते. उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात त्या टाकाव्यात आणि पाणी निवेपर्यंत, म्हणजे रात्रभर, तशाच राहू द्याव्यात. लेंडियाच्या बिया हलक्या, पंखाच्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच पोकळ निघतात, म्हणून भरपूर पेराव्यात. कुलूची लाल, चांदणीसारखी फळे एप्रिल-मेमध्ये तयार होतात. त्यांच्यावरची लव कातडीत घुसून तीव्र खाज आणि जळजळ करते, म्हणून जाड हातमोज्यांशिवाय त्यांना स्पर्श करू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. बी वेगळे करून धुवावे आणि एक दिवस भिजवावे.

पेरणी जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर करावी. मुख्य काम त्यानंतर आहे. ही सगळी झाडे जमिनीत आधी खोल सोटमूळ सोडतात, आणि सोटमूळ तसेच वाढू दिले तर पुढे उथळ ट्रेमध्ये बसणारे पसरट मूळ कधीच मिळत नाही. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की पावसाळी, ढगाळ दिवशी ते उचलावे, सोटमुळाचा खालचा एक तृतीयांश भाग धारदार कात्रीने कापावा आणि रोप सपाट कौलाच्या किंवा टाइलच्या तुकड्यावर बसवून, मुळे चहूकडे पसरवून पुन्हा लावावे. ऐनाच्या बाबतीत हे लवकर करणे फार महत्त्वाचे आहे. वर्षभराने केले तर रोप अडून बसते किंवा मरते.

कुलूला हा नियम लागू नाही. त्याचे सोटमूळ लहानपणीच फुगते आणि त्यात पाणी-अन्न साठते. ते कापू नये. दरवर्षी माती बदलताना रोप बोटभर वर उचलावे, म्हणजे फुगीर मूळ हळूहळू उघडे पडून बुंध्याचाच भाग बनते. उघडा पडलेला भाग पहिल्या मोसमात सावलीत राहील याची काळजी घ्यावी.

६. खोड जाड होऊ द्या

या पायरीला सर्वांत जास्त वर्षे द्यायची आहेत. अंगण असेल तर रोप टाइलसकट जमिनीत लावावे. गच्चीवर असाल तर आतून हिरवी जाळी लावलेला भाजीचा क्रेट सर्वांत चांगला, कारण बाजूंनी हवा लागल्यामुळे मुळांची टोके वाळतात, मुळे कडेने गोल फिरत नाहीत आणि आत भरपूर फुटवे येतात.

पहिली दोन वर्षे शेंडा मोकळा वाढू द्यावा. खोड अंगठ्याएवढे झाले की जून अखेरीस ते जमिनीपासून चार-पाच इंचांवर कापावे आणि नव्या फुटव्यांतून एक पुढचा शेंडा म्हणून निवडावा. तो जाड झाला की पुन्हा थोडे वर कापावे. खोड मनगटाएवढे झाल्यावर एकदाच मोठा काप घेण्याची पद्धत बोन्सायमध्ये सर्रास वापरतात, पण सालीसाठी वाढवलेल्या झाडावर ती वापरू नये. मोठ्या जखमेवर नव्याने येणारी साल अनेक वर्षे गुळगुळीत आणि परक्या रंगाची राहते, आणि ऐनाच्या भेगांच्या मधोमध तो डाग कोणाच्याही डोळ्यांत भरतो. लहान काप मात्र पुढच्या जाडीत झाकले जातात. खोड जाड करण्यासाठी खालची एखादी फांदी मोकळी सोडायची असेल, तर ती झाडाच्या मागच्या बाजूची निवडावी आणि पेन्सिलीच्या दुप्पट जाड होण्यापूर्वी काढून टाकावी.

कापलेल्या तोंडावर बोर्डो मलम लावावे. संत्र्याच्या बागा असलेल्यांना ते परिचित आहे : मोरचूद दहा ग्रॅम आणि चुना दहा ग्रॅम प्लास्टिकच्या दोन भांड्यांत वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे आणि एकूण पाणी शंभर मिलिलिटर ठेवायचे. लोखंडी भांडे वापरू नये. संत्र्याच्या बुंध्याला हे मलम सरसकट फासतात. आपण तसे करू नये. निळसर डाग पांढऱ्या किंवा फिकट सालीवरून लवकर जात नाही. काडीला कापूस गुंडाळून फक्त कापाच्या तोंडावर लावावे.

जुलै ते सप्टेंबर हा वाढीचा काळ आहे. त्या काळात पंधरा दिवसांनी शेंगदाण्याच्या ढेपेचे आंबवलेले पाणी दहापट पातळ करून द्यावे. हिवराला ते निम्म्याने कमी द्यावे, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतः मिळवतात आणि जास्त नत्राने फांद्या लांबट, लुळ्या होतात.

या वर्षांत साल सुटू लागेल आणि ती सोलून आतला स्वच्छ रंग पाहण्याची इच्छा होईल. सोलू नये. सुटणारा पापुद्रा खालचा थर तयार झाल्यावर आपोआप पडतो. आधी ओढला तर अर्जुनावर लालसर ओरखडा राहतो आणि कुलूचा हिरवा थर उन्हात भाजतो. पाणी, साबण, तारेचा ब्रश यांतले काहीही खोडाला लावू नये. धूळ बसलीच तर कोरड्या दाढीच्या ब्रशने हलकेच झाडावी.

७. आकार देणे : कात्री आधी, तार अगदी थोडी

या झाडांवर मी तार फार कमी वापरतो आणि तसेच करण्याचा आग्रह धरीन. पावसाळ्यात फांद्या इतक्या वेगाने जाड होतात की दोन महिन्यांत तार सालीत रुतते, आणि त्या पिळाची खूण सालीच्या नैसर्गिक रेषांना आडवी जाते. तार फक्त वर्षभराच्या कोवळ्या फांदीवर, खाली कापडाची पट्टी गुंडाळून लावावी आणि सहा आठवड्यांनी कापून काढावी. उलटी फिरवून काढू नये. उन्हाळ्यात गच्चीवरच्या झाडावर तार ठेवूच नये, कारण धातू तापतो आणि साल भाजते. मुख्य खोडावर तर कोणत्याही वयात तार नको.

त्याऐवजी छाटा आणि वाढू द्या, ही पद्धत वापरावी. ज्या दिशेला फांदी जावी असे वाटते त्या दिशेच्या डोळ्यावर कापायचे आणि येणारा फुटवा वाढू द्यायचा. दोन-तीन मोसमांत फांदीला जी वळणे मिळतात ती तारेने दिलेल्या वळणांपेक्षा खरी वाटतात. कुलूच्या फांद्या मऊ आणि ठिसूळ असल्याने तिथे तार चालतच नाही. फांदी खाली आणायची असेल तर सुतळीने घमेल्याच्या कडेला बांधून, दर आठवड्याला थोडी थोडी ओढावी.

आकाराचा नमुना पुस्तकातल्या पाइन वृक्षाचा घेऊ नये. हिवर माथ्याशी पसरतो, अर्जुन पाण्याकडे कलतो, ऐन सरळ उभा राहतो, कुलूच्या फांद्या थोड्या आणि जाड असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्याने जाताना थांबून या झाडांची छायाचित्रे घ्यावीत आणि छाटणीच्या वेळी ती समोर ठेवावीत.

८. नागपूरचा उन्हाळा

पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या शहरात मोठ्या वृक्षाची मुळे थंड जमिनीत खोल असतात. आपल्या झाडाची मुळे मात्र तापलेल्या गच्चीपासून चार इंचांवर असतात. बहुतेक झाडे तहानेपेक्षा मुळे भाजल्याने मरतात, म्हणून भांड्याला सावली देणे हे झाडाला सावली देण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

होळीनंतर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी आणि पावसाची पहिली झड येईपर्यंत ती काढू नये. भांडी स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर ठेवावीत. लहान भांडी वाळू भरलेल्या मोठ्या घमेल्यात गळ्यापर्यंत पुरावीत आणि ती वाळू ओली ठेवावी. कूलरच्या बदललेल्या ताट्या फेकू नयेत. भांड्यांच्या पश्चिम बाजूला उभ्या करून संध्याकाळी भिजवल्या तर मोठा फरक पडतो. कूलरच्या थेट झोतात मात्र झाड ठेवू नये.

पाणी सकाळी आठच्या आत आणि गरज असल्यास सूर्यास्तानंतर द्यावे. गच्चीवरच्या पाइपमध्ये दिवसभर साचलेले पाणी चटका बसण्याइतके गरम असते. ते आधी बादलीत सोडून द्यावे. बोअरचे पाणी जड असल्याने भांड्याच्या कडेला आणि खोडाच्या तळाशी पांढरे क्षार साचतात, आणि भेगाळ सालीतून ते काढता येत नाहीत. शक्य असेल तर नळाचे पाणी वापरावे आणि बोअरचेच द्यावे लागत असेल तर ते खोडावर न उडवता मातीत सोडावे.

आता यातला सर्वांत सामान्य धोका. कुलू आणि सालई उन्हाळ्यात निष्पर्ण असतात. उघडे झाड पाहून नवशिक्याला ते वाळले असे वाटते, आणि तो रोज पाणी घालतो. पाने नसलेले झाड ते पाणी वापरू शकत नाही, आणि मूळ सडते. डिसेंबरपासून मेपर्यंत या दोघांना दहा-पंधरा दिवसांनी माती जेमतेम ओलावेल एवढेच पाणी द्यावे. झाड जिवंत आहे का हे पाहण्यासाठी साल खरवडू नये. बुंधा दोन बोटांनी दाबून टणक लागतो की मऊ, एवढे पाहिले तरी कळते. अर्जुनाचे याच्या उलट आहे. त्याची माती नवतपात (मेअखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत) एकदाही पूर्ण कोरडी होता कामा नये.

ऊन एकाच बाजूने लागले तर सालीचा रंग दोन बाजूंना वेगळा होतो. दर पंधरा दिवसांनी भांडे पाव फेरा फिरवावे. छाटणीने अचानक उघडे पडलेले खोड पश्चिमेच्या उन्हात ठेवू नये.

९. पावसाळा, उधई आणि कीड

ट्रेमध्ये हिरवे शेवाळ पसरवण्याची पद्धत देखणी आहे, पण ते खोडाला टेकले की ओल धरून बुंध्याची साल कुजवते. खोडाभोवती दोन बोटे जागा कोरडी मुरमाची ठेवावी. सततच्या झडीत कुलू छपराखाली हलवावे.

उधई (वाळवी) मृत साल खाते, म्हणून भेगाळ सालीचा ऐन तिला विशेष आवडतो. खोडावर मातीची नळी दिसताच ब्रशने झाडून टाकावी आणि भांडे भिंतीपासून व जमिनीपासून सुटे ठेवावे. लेंडिया आणि अर्जुनाच्या सुटत्या पापुद्र्यांखाली पिठ्या ढेकूण लपतो, तिथे वरून फवारणी पोहोचत नाही. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा साबणाचा द्राव मिसळून तो रंगाच्या बारीक ब्रशने पापुद्र्यांच्या कडांखाली लावावा. साबणाचा एवढाच अपवाद, आणि तोही कीड असेल तिथेच. खोडावर भुशाची जाळी दिसली तर ती साल खाणाऱ्या अळीची असते, जी संत्रा बागायतदारांच्या ओळखीची आहे. जाळी काढून छिद्रात बारीक तार घालून अळी बाहेर काढावी आणि छिद्र ओल्या मातीने लिंपावे.

१०. ट्रेमध्ये हलवणे

खोड हवे तेवढे जाड झाले, साल खालून तरी पक्व दिसू लागली आणि मुख्य फांद्या जागेवर आल्या, की मगच ट्रे घ्यावा. पुस्तकांतला दीड इंचाचा ट्रे नागपूरसाठी नाही; निदान तीन ते चार इंच खोली हवी. चंद्रपूर जिल्ह्यातली भद्रावती मातीकामासाठी ओळखली जाते. तिकडची बिनझिलईची, भाजलेल्या मातीची भांडी या झाडांना शोभतात. पांढऱ्या कुलूला गडद तपकिरी आणि काळ्या ऐनाला फिकट रंगाचे भांडे घ्यावे. तळाला निदान दोन मोठी छिद्रे हवीत.

ऐन, अर्जुन, लेंडिया आणि हिवर पहिल्या चांगल्या पावसानंतर, जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंत हलवावेत. मुळांचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एका वेळी कापू नये आणि तेवढ्याच प्रमाणात पालाही कमी करावा. कुलू आणि सालई मात्र मे संपता संपता, डोळे फुगू लागताच, कोरड्या मातीत हलवावीत आणि कापलेली मुळे सुकावीत म्हणून आठवडाभर पाणी न देता छपराखाली ठेवावीत. झाड उचलताना खोडाला धरू नये. हाताच्या दाबाने पापुद्रे सुटतात आणि बोटांचे ठसे उमटतात. मातीच्या गोळ्याखाली दोन्ही हात घालावेत, आणि ट्रेच्या छिद्रातून घेतलेली तार मुळांवरून बांधावी, खोडावरून नाही.

पुढे दर दोन-तीन वर्षांनी, ऐनासाठी तीन-चार वर्षांनी, याच वेळेला माती बदलावी. प्रत्येक ट्रेच्या तळाला झाडाचे शास्त्रीय नाव, बी किंवा रोप आणल्याचे वर्ष आणि ठिकाण अमिट शाईने लिहून ठेवावे. झाड दुसऱ्याकडे गेले तर रोपवाटिकेची पावती किंवा संमतीपत्राची प्रतही त्याच्याबरोबर द्यावी.